जलजीवनचा ठेकेदार काम अर्धं टाकून गेला, आता दुसऱ्या नावाने टेंडर घेतोय. काळ्या यादीत टाकायचं तर नेमकं काय करावं लागतं?

पूर्वभाग_सातारा

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातला, ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिलीच टर्म. गावाचं आणि ठेकेदाराचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण तक्रार अजून चालू आहे.

आमच्या गावाला जलजीवन मिशनमधून नळपाणी योजना मंजूर झाली, विहीर, पंपघर, उंच टाकी, वाड्यावस्त्यांपर्यंत पाइपलाइन असं सगळं. माणशी रोज 55 लिटर पाणी घरातल्या नळाला, हे 2019 ला योजना जाहीर झाली तेव्हापासून ऐकतोय. वर्क ऑर्डरला अडीच वर्षं होत आली. टाकी उभी आहे पण अर्धी भरली की खालच्या बाजूनं पाझरायला लागते. दोन वस्त्यांची लाइन टाकलेलीच नाही. आणि जी टाकलीय ती कशी टाकलीय ते सांगतो. मागच्या जूनमध्ये आमच्या चुलत्यांनी बांधाच्या कडंनं रोटर मारला तर पाइप रोटरच्या पात्यात गुंडाळून वर आला. मग आम्ही चौघांनी टेप घेऊन पाच ठिकाणी उकरून बघितलं. एस्टिमेटमध्ये चर एक मीटर खोल लिहिलाय. आम्हाला पाइप कुठं फुटावर सापडला, कुठं नऊ इंचावर, आणि ओढ्याजवळ तर वीतभर मातीखाली, खाली वाळूबिळू काही नाही, मुरमाच्या दगडांवर तसाच सोडलेला. फोटो काढलेत, फोटोत टेप स्पष्ट दिसतोय.

आमच्या दारात नळाचा खांब बसवून दोन वर्षं झाली, त्याला आम्ही शेळी बांधतो. आई 61 वर्षांची आहे, गुडघे गेलेत, तरी टँकरचा आवाज आला की दोन हंडे घेऊन निघते. मला ते बघवत नाही म्हणून हे लिहितोय.

ऑफिसला चार अर्ज दिले. दरवेळी तोंडी उत्तर एकच, नोटीस काढलीय, कारवाई चालू आहे. आणि तोच माणूस आता शेजारच्या गावात अंगणवाडीची इमारत बांधतोय. बोर्डावर फर्मचं नाव वेगळं, पण जेसीबी तोच, मुकादम तोच, सकाळी येऊन उभा राहणारा माणूस तोच. नवीन फर्म मेहुण्याच्या नावावर आहे असं कळलं.

तर विचारायचं असं की हे काळ्या यादीत टाकणं कोणाच्या हातात असतं, ग्रामसभेचा ठराव करून होतं का, इथं टाकलं तर तो सांगली कोल्हापूरला जाऊन काम घेऊ शकतो का, आणि फर्मच बदलली तर काय करायचं. ज्यांना ऑफिसचं कामकाज आतून माहीत आहे त्यांनी प्लीज सांगा.

कृष्णाकाठ_वाळवा

भाऊ, वाचून वाईट वाटलं. आमच्याकडं शिवरस्त्याचं असंच झालंय, डांबराचा थर पहिल्या उसाच्या हंगामातच उचकटला, पोरं हातानं सोलून दाखवत होती. आम्हीपण अर्ज दिला, पुढं काय करायचं कळलं नाही म्हणून गप्प बसलो. या धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

निवृत्त_शाखाअभियंता_मिरज

मी 31 वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच रस्ते आणि पाणीपुरवठ्यात. जरा सविस्तर लिहितो, कारण लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात आणि तिथंच सगळं बिघडतं.

पहिली गोष्ट दंड. काम लांबलं की बी-1 करारातल्या, म्हणजे सरकारी ठेक्याच्या छापील करारातल्या, कलम 2 खाली दररोजचा दंड बसतो. दुसरी गोष्ट ठेका काढून घेणे. ते कलम 3. अनामत जप्त करायची, झालेल्या कामाची मोजमापं घ्यायची आणि उरलेलं काम दुसऱ्याकडून पहिल्याच्या जोखीम आणि खर्चावर करून घ्यायचं. ऑफिसात याला, कलम 3 च्या पोटकलम सी वरून, नुसतं 'थ्री सी लावला' म्हणतात. आणि तिसरी गोष्ट काळी यादी, म्हणजे पुढच्या टेंडरला उभंच राहू द्यायचं नाही, किंवा नोंदणी रद्द करायची, वर्ग खाली आणायचा. थ्री सी लागला म्हणून माणूस आपोआप काळ्या यादीत जात नाही. तो वेगळा प्रस्ताव असतो, शाखा अभियंत्यापासून उपअभियंता, कार्यकारी अभियंता असा वर चढतो आणि निर्णय वरचा अधिकारी घेतो. ग्रामसभेच्या ठरावानं कुणी काळ्या यादीत जात नाही हे आधी लक्षात घ्या. पण तो ठराव त्या फायलीत लागला तर फाइल दाबणं अवघड जातं, म्हणून करा, जरूर करा.

आता माझ्या हातून झालेली गोष्ट सांगतो, ती इतक्या वर्षांत कुणाला सांगितली नाही. एका साकवाचं काम होतं. काँक्रीटचे क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे, 28 दिवसांच्या टेस्टला दोनदा फेल गेले. ठेकेदाराला नोटीस द्यायची होती, मसुदा माझ्याकडं होता. मी मागच्या एका फायलीतली नोटीस समोर ठेवून तशीच उतरवली, 'आपणावर नियमानुसार कडक कारवाई करण्यात येईल याची नोंद घ्यावी'. काळी यादी हा शब्द त्यात नव्हता. सुनावणीची तारीख दिली नव्हती. खुलासा आला तो फायलीत लागला, त्यावर कुणी शेरा लिहिला नाही. चार महिन्यांनी वरून काळ्या यादीचा आदेश निघाला. तो कोर्टात गेला आणि आदेश रद्द करून घेऊन आला, आणि पुढच्याच टेंडरला हजर. क्यूब फेल गेलेत यावर कोर्टात कुणी वादच घातला नाही हो, वाद फक्त माझ्या त्या नोटिशीवर झाला. पुढं तो साकव पाडून परत बांधावा लागला. त्या रस्त्यानं जाताना अजून मान वर होत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, 'नोटीस काढलीय' या तोंडी उत्तरावर जाऊ नका. नोटिशीत काय लिहिलंय ते डोळ्यांनी वाचा.

आणखी एक, हे जरा कडू आहे. पाइप वीतभर खोल आहे म्हणता, पण बिल निघालं असेल तर मोजमाप पुस्तिकेत खोली एक मीटरच लिहिली असणार, त्याशिवाय बिल होत नाही. म्हणजे त्यावर कुणाची तरी सही आहे, आणि ते मोजमाप चेक केलं म्हणून वरच्याचीपण सही आहे. ठेकेदार काळ्या यादीत गेला की तो तोंड उघडणार, मग सही करणारेही अडकणार. बऱ्याच फायली यासाठीच हलत नाहीत. सगळे पैसे खातात असं मी म्हणत नाही, कित्येकदा एका पोरावर तीस तीस गावांच्या योजना असतात, तो साइटवर न जाता सही करतो आणि मग जन्मभर त्या सहीला घाबरून राहतो.

वकील_सदरबझार

वरच्या साहेबांनी जे सांगितलं तो कायद्याचा गाभाच आहे, त्याला आधार जोडतो.

काळ्या यादीत टाकायच्या आधी म्हणणं ऐकून घेतलंच पाहिजे हे सुप्रीम कोर्टाने 1975 सालीच इरुशियन इक्विपमेंटच्या निकालात सांगितलं. सरकारशी व्यवहार करायची संधी सगळ्यांना सारखी आहे, ती काढून घ्यायची तर नैसर्गिक न्याय पाळा, असं. नंतर 2014 ला गोरखा सिक्युरिटी विरुद्ध दिल्ली सरकार या प्रकरणात अजून स्पष्ट केलं की कारणे दाखवा नोटिशीतच 'आम्ही तुम्हाला काळ्या यादीत टाकायचा विचार करतोय' हे कळलं पाहिजे, नुसतं कारवाई करू असं मोघम चालणार नाही. साहेबांची फाइल याच दगडावर फुटली. त्याच्या आदल्या वर्षी, 2013 ला, कुलजा इंडस्ट्रीजच्या निकालात आलं की कायमचं बाद करता येत नाही, चूक केवढी आहे त्या मानानं मुदत ठरवा.

आता लोक म्हणतात कोर्ट ठेकेदाराच्याच बाजूचं असतं. तसं नाहीये. भुवनेश्वरमध्ये 2017 साली बांधकाम चालू असताना उड्डाणपुलाचा भाग कोसळला, एक माणूस गेला, अकरा जखमी झाले. ओडिशा सरकारने कंपनीला बेमुदत काळ्या यादीत टाकलं, हायकोर्टाने तो आदेश रद्द केला, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. फेब्रुवारी 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल फिरवला, बंदी कायम ठेवली, फक्त बेमुदतच्या जागी 5 वर्षं केली. तिथं नोटीस रीतसर होती, चौकशीचा अहवाल होता, खुलाशाचा विचार केलेला होता, म्हणून टिकलं. उलट 2024 मध्ये कोलकाता महापालिकेच्या जाहिरात फलकांच्या प्रकरणात कोर्ट म्हणालं की काळी यादी म्हणजे त्या कंपनीचा एक प्रकारे नागरी मृत्यू आहे, पैशाचा खराखुरा वाद असेल तर एवढं टोकाचं हत्यार काढू नका. म्हणजे तुमच्या तक्रारीत 'काम उशिरा' यापेक्षा 'काम खोटं दाखवून बिल काढलं' हा मुद्दा जोरात हवा.

फर्म बदलण्याबद्दल. केंद्र सरकारच्या वित्तीय नियमावलीत, 2017 ची, नियम 151 आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली शिक्षा झाली असेल तर जास्तीत जास्त 3 वर्षं सगळीकडून बाद, आणि सचोटीच्या अटी मोडल्या तर त्या खात्यापुरतं जास्तीत जास्त 2 वर्षं. तिथं 'उत्तराधिकारी' फर्मही धरलीय. नोव्हेंबर 2021 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तर संलग्न फर्म ही कल्पना नीट मांडलीय, तेच मालक, तोच कारभार, तीच मालकी, किंवा मूळ फर्मच्या मुठीत असलेली दुसरी फर्म, सगळ्यांना बंदी लागू. पण जलजीवनला केंद्राचा निम्मा पैसा असला तरी करार जिल्हा पातळीवर होतो, त्यामुळे तुमच्या प्रकरणात थेट लागू होणार त्या राज्याच्या आणि त्या टेंडरच्या अटी. केंद्राचे नियम दाखला म्हणून वापरा. 'मेहुण्याची फर्म आहे' एवढ्यावर मात्र भागणार नाही, नातं हा पुरावा नाही. पत्ता तोच, मशिनरी तीच, बँकेत सही करणारा तोच, असं दाखवता आलं पाहिजे.

तासगाव_ठेकेदार

मी छोटा ठेकेदार आहे, नऊ वर्षं झाली. राग येईल कुणाला पण आमची बाजू पण ऐका.

पहिलं म्हणजे भाऊ तुमच्या गावात जे झालंय ते चूकच आहे, वीतभर खोलीवर पाइप गाडणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण काम थांबलंय एवढ्यावरून ठेकेदार चोर असं धरू नका. जलजीवनची बिलं किती दिवस अडकून पडलीत ते कुठल्याही ठेकेदाराला विचारा. माझं स्वतःचं एक बिल चौदा महिने आलं नव्हतं, पाइपवाल्याची उधारी, जेसीबीचं डिझेल, गवंड्यांची मजुरी सगळं डोक्यावर, बायकोचे दागिने सहकारी बँकेत ठेवून मी टाकीचा स्लॅब टाकला. तेव्हा मला दोन नोटिसा आल्या होत्या काम संथ आहे म्हणून. त्या वेळी कुणी मला काळ्या यादीत टाकलं असतं तर मी संपलो असतो. म्हणून म्हणतो, पैसे न देता उशीर झाला म्हणून बाद करणं आणि फसवणूक केली म्हणून बाद करणं यात फरक ठेवा.

दुसरं, टेंडर 20-25 टक्के बिलो, म्हणजे एस्टिमेटपेक्षा तेवढ्या कमी दरानं, भरलेलं असतं. जास्त बिलो भरला की ज्यादा अनामत भरावी लागते, नियम आहे, पण ती भरूनपण लोक काम घेतात कारण चालू काम दाखवायचं असतं. एवढ्या बिलोमध्ये एक मीटर चर, वाळूचा बेड, चांगला पाइप बसतच नाही, हे टेंडर उघडतानाच सगळ्यांना कळतं. मग कुठं तरी कापणार, आणि मातीखालचं कापणं सगळ्यात सोपं, ते दिसत नाही.

तिसरं आणि महत्त्वाचं. बोर्डावर ज्याचं नाव आहे तो बऱ्याचदा काम करतच नाही. लायसन्स एकाचं, काम दुसऱ्याचं, आणि खोदाई तिसऱ्याच्या जेसीबीवाल्याला मीटरवर दिलेली. लायसन्सवाला टक्के घेऊन बाजूला. जेसीबीवाल्याला मीटरप्रमाणे पैसे, खोलीप्रमाणे नाही, तो कशाला खोल जाईल. उद्या काळी यादी झाली तर लायसन्सवाला जाणार, हा काम करणारा दुसरं लायसन्स शोधणार. तुमच्याकडं हेच झालंय असं मला वाटतंय. म्हणून तक्रारीत फर्मच्या नावाबरोबर साइटवर प्रत्यक्ष कोण उभा होता, कुणाच्या गाडीतून पाइप आले, हेही लिहा. विनापरवानगी काम दुसऱ्याला देणं हा करारभंग आहे, त्यावरपण कारवाई होते.

आणि आमच्यासारख्यांनाच याचा जास्त त्रास होतो. असला माणूस कमी दरात टेंडर उचलतो आणि जो नीट काम करतो तो दोन नंबरला राहतो.

पूर्वभाग_सातारा

तासगावचे दादा, राग नाही आला. तुम्ही लिहिलेलं जेसीबीचं तंतोतंत बरोबर आहे, आमच्या इथं खोदाई गावातल्याच एकानं केली, तो म्हणतो मला मीटरला पैसे ठरले होते, खोलीचं कुणी बोललंच नाही. त्याला घेऊन जबाब लिहून घेतो. पण पैसे अडकले म्हणून टाकी पाझरते का? बिल थकलं तर काम थांबवा ना, लोकांना सांगा, आम्ही तुमच्याबरोबर ऑफिसला येऊ. खोटं काम का करायचं?

तासगाव_ठेकेदार

बरोबर आहे तुमचं. थांबवणं आणि फसवणं वेगळं, मी तेच म्हणतोय. आणि खरंच गावानं असं बरोबर यायची तयारी दाखवली तर निम्मे ठेकेदार सरळ काम करतील.

शाळेतल्या_बाई_सांगली

दादा, मी शिक्षिका आहे आणि शाळेच्या खोलीवरून यातून गेलेय, म्हणून कागद कुठले मागायचे ते सांगते.

माहिती अधिकाराचा अर्ज करा, महाराष्ट्रात 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा नाहीतर तेवढ्यावरून परत करतात, माझा पहिला तसाच परत आला होता. काय मागायचं तर करारनामा अटींसकट, एस्टिमेट, मोजमाप पुस्तिकेची पानं, थर्ड पार्टी तपासणीचे अहवाल, आतापर्यंत दिलेल्या सगळ्या नोटिसा आणि त्यावरचे खुलासे. उत्तराला 30 दिवस, नाही दिलं तर पहिलं अपील. पण त्याआधी एक सोपा मार्ग आहे जो बऱ्याच जणांना माहीत नसतो. जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना फायली बघायला खुल्या ठेवायच्या असा शासन निर्णय 2018 साली निघालाय. वही पेन घेऊन जा. मी गेले तेव्हा क्लार्क म्हणाले साहेब नाहीत, मी म्हटलं मला साहेब नकोत, फाइल हवीय, मग दाखवली.

अजून एक कागद मागा. टेंडरच्या पहिल्या लिफाफ्यात ठेकेदाराचं शपथपत्र असतं की आमची फर्म कुठल्याही शासकीय कार्यालयाच्या काळ्या यादीत नाही, दिलेली माहिती खरी आहे वगैरे. नवीन फर्मचं ते शपथपत्र, भागीदारीचा करार, मशिनरीची यादी मागा. त्या यादीत जुन्या फर्मच्याच जेसीबीचा नंबर निघाला तर वकीलसाहेब म्हणतात तो पुरावा तुमच्या हातात आला.

आणि काळ्या यादीच्या नादात दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातला दोष ठेकेदारानंच दुरुस्त करून द्यायची मुदत, विसरू नका. आमची खोली दुसऱ्याच पावसात गळायला लागली. भिंतीवरच्या बाराखडीचे रंग खाली ओघळले होते, पहिलीची मुलं दप्तरं डोक्यावर घेऊन बसायची. मुख्याध्यापकांनी तीन वेळा फोन केले होते, लेखी काहीच नव्हतं. मी तारीख काढली तर कालावधी संपायला चार महिने राहिले होते. फोटो लावून लेखी पत्र दिलं, पोच घेतली आणि दुरुस्ती होईपर्यंत अनामत परत करू नये असं त्यात स्पष्ट लिहिलं. तीन आठवड्यांत माणसं आली आणि स्लॅबचं वॉटरप्रूफिंग करून गेली. ठेकेदार काळ्या यादीत गेला नाही, पण मुलं कोरड्यात बसली. काळ्या यादीची फाइल दोन वर्षं चालेल, तोपर्यंत तुमच्या आईंनी हंडे वाहायचे का? दोन्ही गोष्टी एकदम चालवा.

शेवटचं आणि हे फार महत्त्वाचं. गावाला 'हर घर जल' म्हणून प्रमाणित करायला ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि योजना ग्रामपंचायतीच्या ताब्यात द्यायची असते. ते कागद कुणी घाईत सही करून दिलेत का आधी बघा. ताबा घेतला की तुम्हीच लिहून दिलं असं होतं, काम पूर्ण आणि व्यवस्थित.

पुण्यातला_कराडकर

सांगली कोल्हापूरला जाऊन काम घेऊ शकतो का, यावर लिहितो, कारण मी जागतिक बँकेच्या पैशावरच्या एका प्रकल्पात कन्सल्टंटकडं काम केलंय. तिथं टेंडर उघडलं की पहिलं काम म्हणजे बाद केलेल्या कंपन्यांच्या यादीत नाव शोधायचं. ती यादी बँकेच्या वेबसाइटवर कुणालाही दिसते, नाव, देश, कधीपासून कधीपर्यंत, कारण. 2010 साली जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि अजून तीन अशा पाच बँकांनी करार केला की एकीनं वर्षापेक्षा जास्त काळासाठी बाद केलं तर बाकीच्यापण करतील. म्हणजे आफ्रिकेत लबाडी केली तर आशियातपण दार बंद. आपल्याकडं एका कार्यालयाचा आदेश बहुतेक वेळा त्याच्यापुरताच राहतो, शेजारच्या जिल्ह्यातल्या क्लार्कला तो माहीत व्हायची सोय काय, तर त्याच ठेकेदाराचं शपथपत्र. ज्याला बाद केलं त्यालाच विचारायचं की तुला बाद केलंय का! टेंडर सगळी महाटेंडर्सच्या एकाच पोर्टलवर भरली जातात, तिथंच पॅन नंबर टाकला की बंदीचा आदेश समोर यावा, एवढी सोय केली तर निम्मा प्रश्न सुटेल असं माझं ठाम मत आहे. तोपर्यंत आदेश निघालाच तर त्याची प्रत आजूबाजूच्या सगळ्या जिल्ह्यांच्या कार्यालयांना तुम्हीच रजिस्टर पोस्टानं पाठवा.

पूर्वभाग_सातारा

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा, मधे ज्वारीची काढणी होती.

आधी बाईंनी सांगितलेलं बघितलं. हर घर जलचा ठराव आमच्या गावात झालेला नाही, पण मसुदा टाइप करून ठेवलेला होता, पुढच्या ग्रामसभेत विषय नंबर सातवर. म्हणजे महिनाभर उशीर केला असता तर आम्हीच हात वर करून मोकळे झालो असतो. सरपंचांशी बोललो, ते म्हणाले मला वरून आलं म्हणून ठेवला. तो विषय काढून त्या जागी 'अपूर्ण व निकृष्ट कामाबाबत' असा विषय घेतला. ग्रामसभेला एरवी कोरम होत नाही, त्या दिवशी बायकाच ऐंशीच्या वर आल्या होत्या, रिकामे हंडे घेऊन. ठरावात खोलीची पाचही मापं, तारखा आणि जेसीबीवाल्याचं म्हणणं घातलं.

मग सोमवारी फाइल बघायला गेलो. मिरजच्या साहेबांनी सांगितलेलं शब्दन् शब्द खरं निघालं. मोजमाप पुस्तिकेत सगळीकडं खोली एक मीटर, ओढ्याजवळच्या तुकड्यालापण. तपासणी अहवालात चराचा फोटो आहे, पण त्याच्यामागं नारळाची झाडं दिसतायत. आमच्या शिवारात नारळ नाही. एकही नाही.

नोटिसा तीन आहेत. पहिल्या दोन कामाची गती वाढवा अशा. तिसरीत लिहिलंय 'अन्यथा आपणाविरुद्ध नियमानुसार कडक कारवाई प्रस्तावित करण्यात येईल'. वाचून तिथंच तुमची साकवाची गोष्ट आठवली साहेब. मी तिथल्या तिथं अर्ज लिहून दिला की नवीन नोटीस काढा, त्यात काळ्या यादीत टाकायचा प्रस्ताव आहे हे स्पष्ट लिहा, मापं जोडा, सुनावणीची तारीख द्या आणि संयुक्त पाहणी करून पंचनामा करा. तिथले नवीन आलेले अभियंता आहेत, वयानं माझ्यापेक्षा लहान असतील, त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले हे तुम्हाला कुणी सांगितलं. पुढच्या गुरुवारी पाहणीला येतो म्हणालेत. जुन्या सह्या त्यांच्या नाहीत.

नवीन फर्मची मशिनरीची यादी मागितलीय, अजून मिळाली नाही.

निवृत्त_शाखाअभियंता_मिरज

छान केलंत. गुरुवारी मोजताना घाई करू नका. आधी जिथं उकरलंय तिथं परत नको, ती जागा तुम्ही हलवली असा आक्षेप येईल. नवीन दहा जागा काढा आणि जागा अभियंत्यांनाच निवडू द्या. ठेकेदाराला पाहणीची लेखी सूचना गेली पाहिजे, तो आला नाही तरी चालेल पण सूचना गेल्याची पोच हवी. प्रत्येक खड्ड्यात टेप उभा धरून फोटो, पंचनाम्यात जागेची खूण, दोन पंच गावाबाहेरचे मिळाले तर उत्तम. टाकी पूर्ण भरून 24 तास ठेवा, पातळीची खूण खडूनं नको, ऑइल पेंटनं करा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सगळ्यांसमोर मोजा.

नारळाच्या फोटोचं पाहणीच्या आधी कुणाजवळ बोलू नका. त्या पानाची प्रमाणित प्रत आधी हातात घ्या, दोन रुपये पान लागतील.

मला गुरुवारी काही काम नाही. तुमची आणि त्या अभियंत्यांची हरकत नसेल तर मी येतो, सकाळच्या एसटीनं. पंच म्हणून नको, नुसता टेप धरायला.

पूर्वभाग_सातारा

साहेब, या. स्टँडवर मी गाडी घेऊन थांबतो. आई म्हणतीय जेवायला घरीच यायचं.